सर्व्हरकडे आलेला एसएमएस : प्रस्तावना

मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलायची असेल, तर भारतातला ग्राहक ‘पोर्ट’ हा शब्द, एक मोकळी जागा आणि आपला दहा आकडी क्रमांक एवढेच लिहून १९०० वर एसएमएस पाठवतो. उत्तरादाखल त्याला अक्षरे आणि अंक मिळून आठ चिन्हांचा एक कोड येतो. या दोन संदेशांच्या मध्ये कोणी माणूस बसलेला नसतो. संदेश एका संगणकाकडे जातो. ग्राहकाची काही थकबाकी आहे का, सध्याच्या कंपनीकडे त्याचे नव्वद दिवस पूर्ण झाले आहेत का, अशा गोष्टी तिथला प्रोग्राम कंपनीच्या यंत्रणेकडून तपासून घेतो आणि कोड किंवा नकाराचे कारण परत पाठवतो. रेल्वेच्या १३९ वर पीएनआर पाठवून तिकिटाची स्थिती विचारणे, १९०९ वर संदेश पाठवून जाहिराती बंद करणे, भविष्य निर्वाह निधीची शिल्लक मागवणे ही सगळी याच जातीची कामे. लोकांनी फोनवरून पाठवलेले लघुसंदेश स्वीकारणारा, त्यांचा अर्थ लावणारा आणि त्यावर कृती करणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम हा इथला विषय आहे.

स्मार्टफोन घरोघरी पोहोचल्यावरही हा विषय मागे पडलेला नाही. एसएमएसला इंटरनेट लागत नाही, ॲप उतरवून घ्यावे लागत नाही, खाते उघडावे लागत नाही. बटणांच्या साध्या फोनवरून, रेंजची एखादीच काडी दिसत असतानाही तो जातो. म्हणूनच सर्वांना वापरता यावी अशी सार्वजनिक सेवा उभारणाऱ्याला तो टाळता येत नाही. पण याच साधेपणामुळे अडचणीही येतात. संकेतस्थळावरच्या अर्जात रकाने असतात, चुकले तर तिथल्या तिथे लाल अक्षरांत सूचना दिसते. एसएमएस लिहिणाऱ्यापुढे मात्र फक्त कोरी चौकट असते. नमुना त्याला आठवेल तसा तो लिहितो, त्याच्या फोनवर जी लिपी असेल तीत लिहितो आणि पाठवून मोकळा होतो. त्याने जे लिहिले ते समजून घेण्याचे ओझे मग पूर्णपणे सर्व्हरवर येते. हे ओझे पाठवणाऱ्यावर परत न ढकलणे हे या कामाचे मुख्य सूत्र आहे. पुढचे बहुतेक तांत्रिक निर्णय त्याच सूत्रातून निघतात.

संदेशाची घडण

एसएमएसची कल्पना १९८४-८५ च्या सुमारास, जीएसएमची मानके आखली जात असताना, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सहकार्यातून पुढे आली. फ्रीडहेल्म हिलेब्रांड आणि बर्नार गिलबार्ट या अभियंत्यांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत. मोबाइलच्या जाळ्यात बोलण्यासाठी एक वाहिनी असते. फोन कुठे आहे ते शोधणे, त्याला घंटी देणे अशा अंतर्गत सूचनांसाठी दुसरी असते. ही दुसरी वाहिनी बराच वेळ मोकळी असे, तिच्यातूनच छोटा मजकूर पाठवायचा, अशी ती युक्ती होती. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ यांनी व्होडाफोनच्या जाळ्यातून रिचर्ड जार्विस यांना नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. तो पहिला एसएमएस मानला जातो. तो पाठवला गेला होता संगणकावरून. म्हणजे या व्यवहाराच्या एका टोकाला संगणक असणे ही पहिल्या दिवसापासूनची गोष्ट आहे.

सूचनांच्या वाहिनीतून जायचे असल्यामुळे एका संदेशाचे आकारमान १४० बाइटवर बांधले गेले. १४० बाइट म्हणजे ११२० बिट. रोमन अक्षरे, अंक आणि नेहमीची चिन्हे जीएसएमच्या तक्त्यात प्रत्येकी ७ बिटांत बसतात, म्हणून १६० अक्षरांची मर्यादा. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून ७० चिन्हांची मर्यादा. चिन्ह आणि वाचकाला दिसणारे अक्षर एकच नसते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द डोळ्यांना म, हा, रा, ष्ट्र अशा चार अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या लेखी त्यात दहा चिन्हे आहेत, कारण काना, हलन्त आणि जोडाक्षरातले प्रत्येक व्यंजन वेगळे मोजले जाते. सत्तरांपैकी दहा जागा एका शब्दाने घेतल्या, म्हणजे मराठी उत्तर किती आटोपशीर लिहावे लागेल याचा अंदाज येतो. रोमन लिपीतल्या मजकुरात एखादे इमोजी किंवा वळणदार अवतरणचिन्ह आले, तरी तो आख्खा संदेश १६ बिटांच्या पद्धतीत जातो आणि मर्यादा १६० वरून ७० वर येते. बहुतेक इमोजी त्यातल्याही दोन जागा घेतात.

मजकूर लांबला तर फोन त्याचे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला साधारणपणे सहा बाइटची पट्टी जोडली जाते. संदेशाचा खूणक्रमांक, एकूण तुकडे किती आणि हा कितवा, एवढी माहिती तिच्यात असते. या पट्टीमुळे प्रत्येक तुकड्यात रोमनची १५३ आणि देवनागरीची ६७ चिन्हेच मावतात. फोनवर वाचणाऱ्याला हे तुकडे दिसत नाहीत, कारण फोन ते सांधून दाखवतो. सर्व्हरकडे मात्र बऱ्याचदा ते सुटे-सुटे येतात आणि क्रमाने येतीलच असे नाही. पाठवणाऱ्याचा क्रमांक, खूणक्रमांक आणि तुकड्यांची संख्या या तिन्हींवरून त्यांची जुळणी करावी लागते. खूणक्रमांक बहुधा ० ते २५५ याच मर्यादेत फिरतो, त्यामुळे काही काळाने तोच पुन्हा वापरात येतो. कालच्या अर्धवट संदेशाला आजचा तुकडा चिकटू नये म्हणून जुळणीला मुदत घालणे भाग असते. मुदतीत सगळे तुकडे आले नाहीत तर आलेले फेकून न देता ‘अपूर्ण’ अशी खूण करून ठेवणे योग्य.

आणखी एक स्वभावधर्म आधीच ध्यानात घ्यायला हवा. पाठवलेला एसएमएस थेट समोरच्याकडे जात नाही. तो आधी मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्रात जातो, तिथे साठवला जातो आणि वाट मोकळी झाली की पुढे जातो. वाट बंद असेल तर केंद्र ठरावीक मुदतीपर्यंत पुन्हा-पुन्हा प्रयत्न करते. म्हणून संदेश उशिरा येऊ शकतो, नंतरचा आधी येऊ शकतो, एकच संदेश दोनदाही येऊ शकतो. केंद्राने मारलेला वेळेचा शिक्का आणि सर्व्हरला संदेश मिळाल्याची वेळ या दोन्ही वेगवेगळ्या नोंदवणे म्हणूनच गरजेचे असते. अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत असेल आणि संदेश साडेबाराला सर्व्हरवर उतरला, तर न्याय करायला पहिली वेळ लागते.

सर्व्हरपर्यंतच्या तीन वाटा

पहिली वाट सर्वांत स्वस्त : सिमकार्ड घातलेले मॉडेम यूएसबीने संगणकाला जोडायचे. मॉडेमशी बोलण्याची भाषा म्हणजे ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा. १९८१ मध्ये हेज कंपनीच्या मॉडेमसोबत आलेली ही पद्धत पुढे मोबाइलच्या मानकांनी उचलली. नवा संदेश आला की मॉडेम एक ओळ पाठवते, तिच्यात संदेश कुठल्या साठ्यात, कितव्या जागी ठेवला आहे ते असते. प्रोग्रामने त्या जागेवरचा संदेश वाचण्याची आज्ञा द्यायची, तो आपल्याकडे लिहून घ्यायचा आणि मग पुसण्याची आज्ञा द्यायची. यातली शेवटची पायरी राहिली, तर सुरुवातीला काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही. सिमकार्डाच्या मोजक्या जागा हळूहळू भरत जातात. त्या संपल्या की मॉडेम चालू, दिवा लुकलुकतो आहे, रेंज भरपूर आणि तरी एकही नवा संदेश येत नाही, अशी अवस्था होते.

या वाटेची ताकद केन बँक्स यांच्या ‘फ्रंटलाइन एसएमएस’ने दाखवली. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील कामाच्या अनुभवातून त्यांना ही कल्पना सुचली आणि २००५ मध्ये त्यांनी हे सॉफ्टवेअर तयार केले. एक लॅपटॉप, एक फोन आणि दोन्ही जोडणारी केबल एवढ्यावर, इंटरनेटशिवाय, संस्थांना शेकडो लोकांचे संदेश घेता येऊ लागले. २००७ च्या नायजेरियातल्या निवडणुकीत स्वयंसेवी निरीक्षकांनी मतदान केंद्रांवरची परिस्थिती कळवायला त्याचा वापर केला. एका सिमकार्डाची झेप मर्यादित असते, पण जिल्ह्यापुरत्या कामाला ती पुरते.

दुसरी वाट मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्राशी थेट जोडणीची. त्यासाठीची सर्वमान्य संवादपद्धती म्हणजे एसएमपीपी. आयर्लंडमधल्या ‘आल्डिस्कॉन’ कंपनीत तिचा जन्म झाला. १९९९ ची ३.४ ही आवृत्ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. सर्व्हर केंद्राशी जोडणी करतो, ओळख पटवतो आणि ती जोडणी सतत उघडी ठेवतो. केंद्राकडून एकेक संदेश येतो, सर्व्हर प्रत्येकाची पोच देतो. पोच आली नाही तर केंद्र तो संदेश न दिलेला समजते आणि पुन्हा पाठवते. जोडणी जिवंत आहे का, हे दोन्ही बाजू ठरावीक अंतराने विचारत राहतात. इथे नवख्या प्रोग्रामरची हमखास फसगत होते ती एका ठिकाणी : आपण पूर्वी पाठवलेला संदेश पोहोचल्याचा अहवालही त्याच प्रकारच्या पुडक्यात येतो. पुडक्यावरच्या एका खुणेवरून दोहोंतला फरक ओळखायचा असतो. ती पाहिली नाही तर प्रोग्राम अहवालालाच ग्राहकाचा संदेश समजून उत्तर देत बसतो. एसएमपीपी स्वतः लिहीत बसण्याची गरज सहसा नसते. १९९९ मध्ये फिनलंडच्या ‘वापिट’ कंपनीत सुरू झालेले ‘कॅनल’ हे मुक्त सॉफ्टवेअर अनेक वर्षे हे काम करत आले आहे.

तिसरी वाट मध्यस्थ कंपनीची. ती मोबाइल कंपन्यांशी जोडणी सांभाळते आणि आलेला प्रत्येक संदेश वेबच्या साध्या विनंतीच्या रूपात आपल्या सर्व्हरच्या ठरलेल्या पत्त्यावर पोहोचवते. पाठवणारा, ज्या क्रमांकावर आला तो, मजकूर आणि संदेशाची एकमेव ओळख असे रकाने त्या विनंतीत भरून येतात. वेबचा प्रोग्राम लिहू शकणारा कोणीही इथून सुरुवात करू शकतो, म्हणून आज नवी कामे बहुधा याच वाटेने होतात. सोय वाढली तरी दोन जबाबदाऱ्या वाढतात. तो पत्ता इंटरनेटवर उघडा असल्यामुळे विनंती खरोखर मध्यस्थाकडूनच आली आहे, हे गुप्त किल्लीने केलेल्या सहीवरून तपासावे लागते. आणि उत्तर वेळेत द्यावे लागते. उदाहरणार्थ, ट्विलिओ ही कंपनी अशा विनंतीच्या उत्तरासाठी पंधरा सेकंद थांबते.

भारतात याआधी एक निवड करावी लागते ती क्रमांकाची. बँका आणि कंपन्या ज्या अक्षरी नावाने संदेश पाठवतात त्या नावाला उलट उत्तर देता येत नाही. लोकांकडून संदेश घ्यायचे तर पाच आकडी शॉर्टकोड किंवा दहा आकडी लाँगकोड हवा. शॉर्टकोड लक्षात ठेवायला सोपा, पण तो सगळ्या मोबाइल कंपन्यांकडे चालू करून घ्यावा लागतो आणि त्यावर पाठवलेल्या संदेशाला जादा दर लागू शकतो. लाँगकोडला पाठवणाऱ्याच्या नेहमीच्या योजनेतला दर लागतो. गरिबातल्या गरीब माणसाने तक्रार नोंदवावी असे वाटत असेल, तर हा फरक कागदावर दिसतो त्याहून मोठा आहे.

आधी नोंद, मग पोच

सरकारी कचेरीत टपाल आले की ते आधी आवक बारनिशीत चढते. क्रमांक पडतो, तारीख पडते, शिक्का उमटतो. पत्रात काय आहे, ते कोणत्या टेबलाकडे जाईल, त्यावर निर्णय काय होईल हे सगळे नंतर. अर्जदाराच्या हातात पोच पडली म्हणजे कागद कचेरीच्या ताब्यात आला, आता तो हरवला तर जबाबदारी कचेरीची. संदेश स्वीकारणाऱ्या सर्व्हरची रचनाही अगदी अशीच असावी लागते. आलेला मजकूर जसाच्या तसा, एकही चिन्ह न बदलता, डेटाबेसमध्ये पक्का लिहायचा. तो लिहिला गेल्याची खात्री झाली की मगच मॉडेममधून पुसायचा, केंद्राला पोच द्यायची किंवा मध्यस्थाला होकार कळवायचा.

हा क्रम उलटा झाला तर काय होते, ते कल्पनेत पाहणे सोपे आहे. सर्व्हरने पोच दिली आणि नोंद होण्याआधी वीज गेली. केंद्राच्या दृष्टीने काम संपलेले, सर्व्हरला काही ठाऊक नाही, आणि पाठवणाऱ्याच्या फोनवर ‘पाठवला’ असे दिसते आहे. संदेश कुठेच उरलेला नाही आणि तो हरवला हेही कोणाला कळणार नाही. योग्य क्रमात तीच वीज नोंद आणि पोच यांच्या मध्ये गेली, तर केंद्र तो संदेश पुन्हा पाठवील आणि सर्व्हरकडे त्याच्या दोन प्रती होतील. हरवण्यापेक्षा दोनदा येणे केव्हाही बरे, कारण दुबार संदेश ओळखता येतो. मध्यस्थाने किंवा केंद्राने दिलेली ओळख डेटाबेसमध्ये एकदाच येऊ शकेल असे बंधन घातले की दुसरी प्रत आपोआप अडते. अशी ओळख मिळत नसेल तेव्हा पाठवणारा, मजकूर आणि केंद्राचा वेळेचा शिक्का यांवरून ती बनवता येते. कृती पैशाची असेल, मताची असेल किंवा औषधाच्या मागणीची असेल, तर हे बंधन हवेच.

नोंद आणि प्रक्रिया वेगळ्या ठेवण्याचे दुसरे कारण गर्दी. २००४-०५ मध्ये ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वात प्रेक्षकांनी एसएमएसने मते दिली आणि मुंबईचा अभिजीत सावंत विजेता ठरला. अशा कार्यक्रमात एरवी शांत असलेल्या क्रमांकावर मतदान सुरू होताच संदेशांचा लोंढा येतो. प्रत्येक संदेशावर पूर्ण काम करून मगच पुढचा घ्यायचा म्हटले, तर पोच द्यायला उशीर होतो, केंद्र संदेश पुन्हा पाठवू लागते आणि गर्दी स्वतःच्याच वजनाने वाढत जाते. म्हणून स्वीकारणारा भाग फक्त नोंद करून संदेश रांगेत लावतो. रांगेतून एकेक उचलून त्यावर काम करणारे प्रोग्राम वेगळे असतात आणि गरजेप्रमाणे त्यांची संख्या वाढवता येते. एखाद्या संदेशावर काम करताना प्रोग्राम अडखळला तर तो संदेश काही वेळा पुन्हा करून पाहायचा आणि तरीही जमले नाही तर बाजूच्या रांगेत ठेवायचा. ती रांग रोज माणसाने उघडून पाहिली तरच तिचा उपयोग.

मजकुराचा अर्थ लावताना

अर्थ लावण्याआधी मजकूर एका साच्यात आणावा लागतो. पहिली गोष्ट लिपीच्या तक्त्याची. जीएसएमच्या तक्त्यात ईमेलमधल्या ‘ॲट’ या चिन्हाला शून्य हा क्रमांक आहे. शून्य आले की मजकूर संपला असे मानणाऱ्या सी भाषेतल्या प्रोग्रामने ही बाब लक्षात घेतली नाही, तर ईमेलचा पत्ता असलेला प्रत्येक संदेश त्या चिन्हापाशी कापला जातो. दुसरी गोष्ट फोन क्रमांकाची. तोच क्रमांक कधी नुसता दहा आकडी येतो, कधी आधी शून्य, कधी ९१, कधी अधिकचे चिन्ह आणि ९१. ते सगळे एकाच आंतरराष्ट्रीय रूपात बदलून ठेवले नाहीत, तर एकाच माणसाची चार माणसे होतात.

मराठी मजकुराच्या स्वतःच्या अशा काही खोडी आहेत. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो : खालच्या बिंदूसह असलेल्या ‘ऱ’च्या एकाच चिन्हाने, साधा र आणि वेगळा नुक्ता जोडून, किंवा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. ‘ॲप’मधला ॲ हाही एका चिन्हाने लिहिता येतो आणि अ वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखे, संगणकाला वेगळे. युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणाने यातला नुक्त्याचा भेद मिटतो, न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा मिटत नाही. त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. देवनागरी अंक आणि रोमन कीबोर्डावरचे अंक यांनाही एकच मानावे लागते, कारण एकाच संदेशात दोन्ही असू शकतात.

आता एक उदाहरण जवळून पाहता येईल. समजा, तालुक्यातल्या शाळांनी रोज किती मुले जेवली ते एसएमएसने कळवायचे आहे. ठरलेला नमुना असा : ‘जेवण’ हा कीवर्ड, मग शाळेचा कोड, मग मुलांची संख्या. नमुन्याप्रमाणे संदेश असेल ‘जेवण ४०७ ५२’. प्रत्यक्षात येणारे संदेश असे असतात : ‘जेवन ४०७ ५२’, ‘जेवण४०७-५२’, ‘४०७ जेवण ५२ मुले’, ‘नमस्कार सर, जेवण ४०७, ५२, आज गॅस संपला आहे’. कोणी तोच शब्द रोमन अक्षरांत लिहितो, कोणी शून्याच्या जागी रोमन ‘ओ’ टाइप करतो. कडक प्रोग्राम यातले बहुतेक संदेश ‘चुकीचा नमुना’ म्हणून परत करील. चांगला प्रोग्राम आधी विरामचिन्हे मोकळ्या जागेत बदलतो, अक्षर आणि अंक एकमेकांना चिकटले असतील तर सोडवतो, कीवर्ड कुठेही असला तरी शोधतो आणि त्याची नेहमीची चुकीची रूपे यादीतून ओळखतो. मग उरलेल्या दोन संख्यांपैकी कोड कोणता, हे पाठवणाऱ्या शिक्षिकेचा क्रमांक कोणत्या शाळेसाठी नोंदवला आहे त्यावरून ठरवतो. कोडच विसरला असेल तर तो नोंदीवरून भरून घेता येतो.

सहनशील असणे आणि वाटेल तो अर्थ लावणे यांत मात्र अंतर राखावे लागते. पटावर साठ मुले असलेल्या शाळेतून ५२० असा आकडा आला, तर तो मुकाट्याने लिहून घेणे चूक आणि स्वतःच ५२ करून टाकणे त्याहून चूक. अशा वेळी विचारायचे : ‘५२० मुले जेवली का? बरोबर असेल तर हो, नसेल तर आकडा पाठवा.’ आणि ‘गॅस संपला आहे’ हे शब्द नमुन्यात बसत नाहीत म्हणून टाकून द्यायचे नाहीत. त्या दिवशी कदाचित तीच सर्वांत महत्त्वाची बातमी असते. उरलेला मजकूर शेरा म्हणून जपला आणि माणसाच्या नजरेस आणला की ती पोहोचते.

भाषेची निवड ही याच टप्प्यावरची गोष्ट. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या एसएमएस सेवेत सदस्याने संदेशाच्या शेवटी भाषेच्या इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरे लिहायची असतात. मराठीसाठी ‘एमएआर’ लिहिले की शिल्लक आणि शेवटचा भरणा यांची माहिती मराठीत येते. एका संदेशात सेवा आणि भाषा दोन्ही ठरतात, मधला प्रश्न वाचतो.

संवाद एका फेरीत संपत नसेल तर आणखी काळजी लागते. एसएमएसला संभाषणाची आठवण नसते, प्रत्येक संदेश सुटा असतो. वरच्या उदाहरणात नुसते ‘हो’ आले, तर ते कशाला हो, हे सर्व्हरने पाठवणाऱ्याच्या क्रमांकावरून स्वतः लक्षात ठेवायचे असते, तेही मुदत घालून. उद्या सकाळी वेगळ्याच कारणाने आलेले ‘हो’ कालच्या प्रश्नाला चिकटता कामा नये.

काही संदेश कोणत्याच नमुन्यात बसत नाहीत आणि तेच सर्वांत तातडीचे असतात. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीमध्ये लोकांना ४६३६ या क्रमांकावर मदतीसाठी फुकट संदेश पाठवता येऊ लागले. संदेश हैतीच्या क्रिओल भाषेत होते, पत्ते स्थानिक खाणाखुणांचे होते. परदेशांत पसरलेल्या हैतीच्या लोकांनी इंटरनेटवरून ते वाचले, भाषांतरित केले, जागा नकाशावर शोधून दिल्या आणि ती माहिती मदतकार्यापर्यंत गेली. सर्व्हरने तिथे मजकुराचा अर्थ लावला नाही. त्याने प्रत्येक संदेश अर्थ लावू शकणाऱ्या माणसापुढे ठेवला आणि कोणता संदेश कुठपर्यंत आला याचा हिशेब राखला. प्रोग्रामला समजले नाही तर संदेश माणसाकडे जाईल ही वाट प्रत्येक सेवेत पहिल्यापासून बांधलेली असावी.

उत्तर

उत्तरात तीन गोष्टी याव्यात : काय समजले, त्यावर काय झाले आणि पुढे काय करायचे. ‘आपला संदेश मिळाला’ एवढ्या उत्तरातून पाठवणाऱ्याला आपला आकडा बरोबर नोंदला गेला की नाही ते कळत नाही. ‘शाळा ४०७, आज ५२ मुले, नोंद झाली’ यातून कळते, आणि तेही सत्तर चिन्हांच्या आत. चूक झाली असेल तर नमुना त्याच्याच आकड्यांसह दाखवावा, म्हणजे त्याला फक्त दुरुस्ती करायची उरते.

भारतात उत्तराच्या शब्दांवर नियमांचे बंधन आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्रायच्या २०१८ च्या विनियमांनुसार व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्या संस्थेला आपली नोंदणी, पाठवणाऱ्याचे नाव आणि संदेशांचे साचे मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी यंत्रणेत आधी मंजूर करून घ्यावे लागतात. प्रत्यक्ष संदेश साच्याशी जुळला नाही तर तो वाटेतच अडतो. ८ मार्च २०२१ रोजी ही तपासणी कडकपणे सुरू झाली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि ट्रायने ती आठवडाभरासाठी स्थगित केली. त्यातून घ्यायचा धडा साधा आहे : उत्तराचा एक शब्द बदलायचा असला, तरी आधी साचा मंजूर झाला पाहिजे आणि मग प्रोग्राम बदलला पाहिजे.

आपोआप जाणाऱ्या उत्तरांचा एक धोका म्हणजे चक्र. समोरचा क्रमांकही आपोआप उत्तर देणारा असेल, तर दोन यंत्रे रात्रभर एकमेकांना संदेश पाठवत राहतात आणि सकाळी बिल समोर येते. अक्षरी नावाने आलेल्या संदेशांना उत्तर न देणे आणि एका क्रमांकाला तासाभरात किती उत्तरे द्यायची यावर मर्यादा घालणे, हे दोन नियम बहुतेक चक्रे तोडतात. ‘थांबवा’ म्हणणाऱ्याला तत्काळ थांबवणे हा तिसरा नियम. तो कीवर्ड देवनागरीत, रोमनमध्ये, हिंदीत, इंग्रजीत, जसा येईल तसा ओळखता आला पाहिजे.

विश्वास आणि गोपनीयता

संदेश ज्या क्रमांकावरून आला असे दिसते त्याच क्रमांकावरून तो आला असेल, याची पक्की खात्री एसएमएस देत नाही. पाठवणाऱ्याचा क्रमांक खोटा दाखवता येतो. शिवाय सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती गेले तर क्रमांक खरा असूनही माणूस खोटा असतो. या दुसऱ्या प्रकारच्या फसवणुकीला आळा घालण्यासाठीच १ जुलै २०२४ पासून सिमकार्ड बदलल्यानंतर सात दिवस १९०० वरून पोर्टिंगचा कोड मिळत नाही. यातून निघणारा नियम असा : माहिती विचारण्यापुरते क्रमांकावर विसंबावे, पण पैसे, मालकी किंवा हक्क बदलणाऱ्या कृतीसाठी आणखी एक पुरावा मागावा. निदान त्याच क्रमांकावर कोड पाठवून तो परत मागावा. मग फक्त क्रमांक खोटा दाखवणारा तिथेच अडतो, कारण तो कोड त्याच्या हाती पडत नाही.

मजकुराकडे डेटा म्हणूनच पाहावे. तो डेटाबेसच्या आज्ञेत किंवा वेबपानात जसाच्या तसा घुसवला, तर १६० अक्षरांतही खोडसाळ आज्ञा बसते. वाहतुकीत असताना एसएमएस दोन टोकांमध्ये कुलूपबंद नसतो, म्हणून आधार क्रमांक किंवा आजाराचे नाव उत्तरात पूर्ण लिहू नये. सर्व्हरवर साठलेले संदेश म्हणजे लोकांच्या आयुष्याचे तुकडे असतात : कोणाला कोणते औषध हवे आहे, कोणाची कोणाविरुद्ध तक्रार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशी माहिती सांगितलेल्या कारणापुरती वापरणे आणि कारण संपल्यावर पुसणे ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. मूळ मजकूर किती दिवस ठेवायचा, तो कोण पाहू शकतो आणि कोणी कधी पाहिला याची नोंद होते का, हे सेवा सुरू होण्याआधी ठरलेले असावे.

सेवा चालू ठेवताना

अशा सेवेतला सर्वांत फसवा बिघाड म्हणजे शांतता. प्रोग्राम बंद पडला तर लगेच कळते. सिमकार्डाचा रिचार्ज संपला, शॉर्टकोडची मुदत उलटली किंवा एकाच मोबाइल कंपनीकडून येणारी वाट बंद झाली, तर फक्त संदेश येणे थांबते, आणि आज लोकांनीच पाठवले नसतील असे वाटत राहते. यावर खात्रीचा उपाय एकच : वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमकार्डांवरून ठरावीक अंतराने चाचणीचे संदेश खरोखर पाठवायचे आणि ते आत येऊन उत्तर बाहेर पडले की नाही हे मोजायचे. त्याच्या जोडीला तीन आकडे रोज पाहावेत : रांगेत सर्वांत जुना संदेश किती वेळ पडून आहे, किती संदेश समजले नाहीत आणि किती उत्तरे पोहोचली नाहीत. न समजलेल्या संदेशांची यादी महिन्यातून एकदा नीट वाचली, तर लोक खरोखर कसे लिहितात ते कळते आणि पुढच्या सुधारणेची दिशा तिथेच सापडते. मूळ मजकूर बदल न करता जपला असेल, तर सुधारलेला प्रोग्राम जुन्या संदेशांवर पुन्हा चालवून पाहता येतो.

सेवा कधीतरी बंदही होते. क्रमांक पोस्टरवर, शाळेच्या भिंतीवर, शिधापत्रिकेच्या मागे लिहिलेला असतो आणि लोक त्यावर पुढची अनेक वर्षे संदेश पाठवत राहतात. म्हणून क्रमांक लगेच सोडून देऊ नये, कारण तो दुसऱ्या कोणाला मिळाला तर लोकांची खासगी माहिती अनोळखी माणसाकडे जाऊ लागते. काही काळ तो चालू ठेवावा आणि त्यावर एकच उत्तर ठेवावे : ही सेवा बंद झाली आहे, हेच काम आता अमुक ठिकाणी होते. त्यानंतर साठलेले संदेश नियमाप्रमाणे पुसावेत, क्रमांक परत करावा आणि पुसल्याची तारीख नोंदवून ठेवावी.